गारगोटीपासून जकातनाक्यापर्यंत

तुमच्या शाळेच्या गच्चीवर, गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीपाशी किंवा शेजाऱ्यांच्या छपरावर सौर पॅनेल बसलेले असेल, तर एकदा त्याच्या पाठीमागे डोकावून पाहा. (तारांना हात लावायचा नाही, नुसते पाहायचे!) पाठीवर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसेल. तिच्यावर पॅनेलची शक्ती किती वॅट, विभवांतर किती व्होल्ट, धारा किती अँपिअर हे छापलेले असते. हे शब्द विद्युत्‌धारेच्या धड्यातून तुमच्या ओळखीचे आहेत. शेवटी एक ओळ असते, पॅनेल कोणत्या देशात तयार झाले ते सांगणारी. भौतिकशास्त्राचा अध्यापक म्हणून मी आजवर वरच्याच ओळी शिकवत आलो. पण २०१० नंतरच्या काळात मंत्री, कारखानदार, वकील आणि न्यायाधीश यांनी देशोदेशी कडाक्याचे वाद घातले, ते त्या शेवटच्या ओळीवरून.

वाद असा की, परदेशातून येणाऱ्या पॅनेलांवर जकात बसवावी की बसवू नये? एक पक्ष म्हणतो, बसवावी. नाहीतर चीनच्या स्वस्त मालापुढे आपले कारखाने बंद पडतील आणि उद्या त्या देशाने माल अडवला तर आपण उन्हात बसूनही अंधारात राहू. दुसरा पक्ष म्हणतो, बसवू नये; जकातीने पॅनेल महागते, पॅनेल महागले की वीज महागते, आणि मग पुन्हा कोळसाच जळतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र दोन्ही पक्ष ‘पॅनेल’ हा शब्द असा वापरतात, की जणू ती आंब्यासारखी एकाच झाडावर तयार होणारी वस्तू आहे. तशी ती नाही. गारगोटीपासून पॅनेलपर्यंत पाच पायऱ्या आहेत, आणि जकात कोणत्या पायरीवर बसते यावर कोण हसणार व कोण रडणार हे ठरते. तेव्हा आधी या पायऱ्या चढून पाहू.

सिलिकॉन वाळूपासून करतात असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. वाळू म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइडच, हे खरे. पण भट्टीत बारीक वाळू घातली तर ती गच्च बसते आणि खालून येणाऱ्या वायूंना वाट मिळत नाही. म्हणून गारगोटीचे ढेकळासारखे तुकडे घेतात. ते कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत सुमारे २००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की कार्बन ऑक्सिजनला ओढून नेतो आणि सिलिकॉन उरते. ते ९८-९९ टक्के शुद्ध असते. परीक्षेत ९९ गुण मिळाले तर आपण पेढे वाटतो. सिलिकॉनला मात्र एवढ्या गुणांवर कोणी पास करीत नाही.

कारण असे पाहा. सिलिकॉन हे अर्धवाहक आहे. त्याच्या अणूंशी बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा करायला १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढी ऊर्जा लागते. साधारण ११०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या प्रकाशकणाजवळ ती असते. इलेक्ट्रॉन मोकळा झाला की तो तारेपर्यंत पोचला पाहिजे. वाटेत लोह, तांबे किंवा टायटॅनियम यांचा परका अणू भेटला, तर तो या इलेक्ट्रॉनला अडकवून ठेवतो आणि मिळालेली ऊर्जा उष्णतेत वाया जाते. म्हणून सौरघटासाठी दहा लाख अणूंत एकाहूनही कमी परका अणू चालतो. व्यवहारात त्याहून कितीतरी अधिक शुद्धता राखतात.

ही शुद्धता आणणे ही दुसरी पायरी. घन पदार्थ असा गाळून घेता येत नाही, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी एक सुंदर युक्ती काढली. सिलिकॉनचा हायड्रोजन क्लोराइडशी संयोग करून ट्रायक्लोरोसिलेन नावाचा द्रव बनवायचा. तो अवघ्या ३२ अंशांच्या आसपास उकळतो. मग आपण प्रयोगशाळेत करतो तसे ऊर्ध्वपातन पुन्हा पुन्हा करून मळ मागे ठेवायचा. शेवटी शुद्ध झालेली वाफ हायड्रोजनबरोबर, विजेने सुमारे ११०० अंशांपर्यंत तापवलेल्या बारीक सिलिकॉन कांड्यांवर सोडायची. दिवसेंदिवस सिलिकॉन साठत जाऊन कांड्या मनगटाहून जाड होतात. यालाच पॉलिसिलिकॉन म्हणतात. या पायरीवर एका किलोमागे पन्नास-साठ युनिट वीज खर्च होते. कारखाना उभारायला प्रचंड भांडवल आणि काही वर्षे लागतात, आणि स्वस्त वीज नसेल तर तो चालतच नाही.

तिसरी पायरी लगड आणि चकतीची. पॉलिसिलिकॉन १४१४ अंशांवर वितळवून त्यात एकस्फटिकाचा छोटा तुकडा बुडवतात आणि फिरवत फिरवत सावकाश वर ओढतात. त्याला धरून माणसाच्या उंचीहून मोठा एकच स्फटिक तयार होतो. हिऱ्याची पूड लावलेल्या तारेने त्याचे काप काढले की चकत्या मिळतात. एका चकतीची जाडी मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी असते. चौथ्या पायरीवर तिच्या पृष्ठभागात दुसऱ्या मूलद्रव्याचे अणू मुरवून दोन प्रकारच्या थरांची सांधणी करतात, परावर्तन रोखणारा निळा-काळा थर देतात व चांदीच्या रेघा छापतात. हा झाला सौरघट. एका घटाचे विभवांतर अर्ध्या व्होल्टहून थोडे अधिक.

पाचवी पायरी तुलनेने सोपी आहे. साठ-सत्तर घट तांब्याच्या पट्ट्यांनी एकसर जोडायचे, काच व प्लॅस्टिकच्या थरांत दाबून गरम करून सीलबंद करायचे, ॲल्युमिनियमची चौकट ठोकायची. पॅनेल तयार! त्यासाठी यंत्रे लागतात, काळजी लागते, पण हे काम जुळणीचे आहे. सायकलचे सुटे भाग आणून सायकल जोडावी तसे म्हणा. चिठ्ठीवरची ‘भारतात तयार’ ही ओळ कित्येकदा फक्त या पाचव्या पायरीपुरती खरी असते.

आता जकातीकडे वळू. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी या गावांतल्या वाचकांना ही गोष्ट लगेच पटेल. परदेशी कापडावर जकात बसली की मागवाला खूश होतो. परदेशी सुतावर बसली की सूतगिरणीवाला खूश होतो आणि तोच मागवाला कुरकुरतो, कारण त्याचा कच्चा माल महागलेला असतो. १८९६ साली तर इंग्रज सरकारने परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवून इथल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढेच उत्पादन शुल्क बसवले होते, म्हणजे मँचेस्टरचे नुकसान व्हायला नको! हे शुल्क जवळजवळ तीस वर्षे चालले. जकातीच्या आकड्यापेक्षा तो कोणत्या वस्तूवर लागतो हे आधी विचारावे, हा धडा मुंबईच्या गिरण्यांनी फार पूर्वी घेतला आहे.

भारतात सौरघट नवे नाहीत. साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९७७ मध्ये पहिला भारतीय सौरघट आणि पुढच्या वर्षी पॅनेल तयार केले. १९८०च्या दशकात तमिळनाडूतील मेट्टूर येथे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनाच्या आधाराने पॉलिसिलिकॉनही बनले. म्हणजे सर्वांत अवघड असलेली दुसरी पायरी आपण लहान प्रमाणावर का होईना, चढून आलो होतो. ती पुढे सुटली याची हळहळ माझ्यासारख्या माणसाला वाटल्यावाचून राहत नाही.

जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. त्यातील प्रकल्पांना अट घालण्यात आली, की स्फटिकी सिलिकॉनची पॅनेले वापरायची तर ती भारतात बनलेली हवीत. पुढील टप्प्यात घटही भारतीय हवेत. अट लिहिणाऱ्यांनी ‘स्फटिकी सिलिकॉन’ असे म्हटले आणि तिथेच भौतिकशास्त्र आडवे आले. सौरघट दुसऱ्याही पदार्थाचा होतो. कॅडमियम टेल्युराइडचा काही मायक्रोमीटर जाडीचा थर काचेवर दिला तरी वीज मिळते, आणि या पातळ थराच्या पॅनेलांना अट लागू नव्हती. पुष्कळ प्रकल्पांनी तीच पॅनेले अमेरिकेहून मागवली, शिवाय त्यांसाठी अमेरिकी निर्यात बँकेचे स्वस्त कर्जही मिळाले. एवढे होऊनही फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेनेच या अटीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. सप्टेंबर २०१६ मध्ये अंतिम निकाल भारताच्या विरुद्ध गेला.

मधल्या काळात आणखी एक प्रसंग घडला. मे २०१४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने चीन, अमेरिका, मलेशिया व तैवान येथून येणाऱ्या घटांवर आणि पॅनेलांवर जकात बसवण्याची शिफारस केली. पडत्या भावाने माल ओतून इथले कारखाने बुडवले जातात, असे कारण होते. वीज प्रकल्पवाले म्हणाले, असे केले तर सौर अभियानच बुडेल. सरकारने ऑगस्टपर्यंत अधिसूचना काढली नाही आणि शिफारस रद्दबातल झाली. पुढच्या वर्षी सौरविजेचे उद्दिष्ट २०,००० मेगावॉटवरून १,००,००० मेगावॉट झाले. २०१० च्या अखेरीस लिलावात युनिटला ११-१२ रुपये भाव निघत होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला. या स्वस्ताईत चीनच्या कारखान्यांचा वाटा फार मोठा होता. इथल्या घट बनवणाऱ्या कारखान्यांची यंत्रे मात्र बरीचशी बंद पडून होती.

२०१७ च्या अखेरीस काही भारतीय कारखानदारांनी पुन्हा अर्ज केला. जानेवारी २०१८ मध्ये अधिकाऱ्यांनी सुरुवातीला ७० टक्के जकात सुचवली, तेव्हा प्रकल्पवाल्यांचे धाबे दणाणले. आधीच ठरलेल्या भावाने वीज द्यायची आणि पॅनेल पावणेदोन पटीने घ्यायचे! अखेर ३० जुलै २०१८ ला चीन व मलेशियाच्या मालावर पहिल्या वर्षी २५ टक्के, पुढील सहा महिने २० आणि नंतरचे सहा महिने १५ टक्के अशी जकात लागली. ओडिशा उच्च न्यायालयाने तिला दिलेली स्थगिती सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उठवली.

या प्रकरणात एक गंमत झाली. भारतातील घट व पॅनेलांचे काही मोठे कारखाने विशेष आर्थिक क्षेत्रांत होते. अशा क्षेत्रातून बाहेर देशात विकलेला माल कायद्याच्या दृष्टीने आयातच समजला जातो. त्यामुळे स्वदेशी उद्योगाला वाचवण्यासाठी लावलेली जकात स्वदेशी कारखान्यांच्याच मानगुटीवर बसण्याची वेळ आली आणि त्यांना सरकारदरबारी धाव घ्यावी लागली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दर घटावर २५ टक्के आणि पॅनेलवरही २५ टक्के होता. परदेशी घट आणून इथे पॅनेल जुळवणाऱ्यांना त्याचा कितपत उपयोग होणार?

इथे वही-पेन्सिल घ्या. आकडे मी हिशेबासाठी धरलेले आहेत. समजा, परदेशी पॅनेल वॅटला २० रुपयांना मिळते आणि त्यातील घटांची किंमत १२ रुपये आहे. जकात नसेल तर जुळणाऱ्याच्या वाट्याला २० वजा १२, म्हणजे ८ रुपये येतात. त्यांत काच, चौकट, मजुरी, नफा सारे बसवायचे. दोन्हींवर २५ टक्के जकात लावली तर परदेशी पॅनेल २५ रुपयांना आणि घट १५ रुपयांना पडतील. वाटा १० रुपये झाला. आता १ एप्रिल २०२२ पासून भारताने लावलेले दर घ्या : पॅनेलवर ४० टक्के, घटांवर २५ टक्के. पॅनेल २८, घट १५, वाटा १३ रुपये! ८ चे १३, म्हणजे बासष्ट टक्क्यांहून अधिक वाढ. कागदावर जकात ४० टक्केच दिसते, पण पाचव्या पायरीवर उभे असलेल्याला मिळणारे संरक्षण त्याहून दीडपट आहे. पॅनेल जुळवण्याचे कारखाने भराभर का निघाले, याचे उत्तर या वजाबाकीत बरेचसे मिळते.

आणि वीज घेणाऱ्याचे काय? कोळशाच्या वीजकेंद्राला रोज कोळसा लागतो, तेव्हा त्याचा खर्च आयुष्यभर वाटला जातो. सौर केंद्राचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी होतो. समजा, १ किलोवॉटला २०,००० रुपयांची पॅनेले आणि २०,००० रुपयांचे बाकीचे सामान लागते. वर्षाला १५०० युनिट धरले तर २५ वर्षांत ३७,५०० युनिट मिळतील. ४०,००० ला ३७,५०० ने भागा : युनिटला सुमारे १ रुपया ७ पैसे. पॅनेलांवर ४० टक्के जकात पडली की खर्च ४८,००० होतो आणि भाव १ रुपया २८ पैसे. यात व्याज धरलेले नाही; सौर केंद्रे कर्जावरच उभी राहतात, त्यामुळे खरा फरक याहून मोठा असतो. वीस-पंचवीस पैसे ऐकायला थोडे वाटतील. पण राज्यांच्या वीज मंडळ्या दहा पैशांसाठी करार मोडायला निघतात, हे वर्तमानपत्रात वाचलेच असेल.

अमेरिकेचा अनुभव याहून बोलका आहे. तिने २०१२ मध्ये चिनी घटांवर जकात बसवली. चिनी कारखान्यांनी तैवानचे घट घेऊन पॅनेले जुळवायला सुरुवात केली. ती वाट बुजवली, तर जुळणी मलेशिया, व्हिएतनाम, थायलंडकडे सरकली. पायरी बदलली की मालाचे ‘गाव’ बदलते! इकडे चीनने उलट टोला हाणला तो दुसऱ्या पायरीवर. पॉलिसिलिकॉनमध्ये अमेरिका तेव्हा आघाडीवर होती. चीनने २०१३-१४ मध्ये अमेरिकी पॉलिसिलिकॉनवर ५७ टक्क्यांपर्यंत जकात लावली. वॉशिंग्टन राज्यातील मोझेस लेक येथील मोठा कारखाना गिऱ्हाईक तुटल्यामुळे २०१९ मध्ये बंद पडला. पुढे तो पुन्हा सुरू केला, पण २०२४ च्या अखेरीस तिथले उत्पादन थांबवावे लागले, कारण माल ग्राहकाच्या शुद्धतेच्या कसोटीला उतरला नाही. परक्या अणूंविषयी मी वर का लांबण लावली, ते आता ध्यानात येईल. पाच वर्षे थंड पडलेली भट्टी पेटवता येते. हातचे कसब तेवढ्या सहज परत येत नाही.

अमेरिकेतच जानेवारी २०१८ मध्ये अध्यक्ष ट्रंप यांनी ३० टक्के जकात जाहीर केली, दरवर्षी पाच टक्क्यांनी उतरत जाणारी. तिची मागणी करणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एकीची बहुतांश मालकी चिनी होती आणि दुसरी जर्मन कंपनीची शाखा होती! विरोध कोणाचा? छपरांवर पॅनेले बसवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांचा. कारण सौर उद्योगातील बहुतेक कामगार कारखान्यांत नसून छपरांवर होते. दरवर्षी पहिल्या २५०० मेगावॉट घटांना सूट ठेवावी लागली, ती तिथल्या जुळणीवाल्यांसाठी.

आपल्या सरकारने जकातीखेरीज दुसरा मार्गही धरला आहे. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत २०२१ मध्ये ४५०० कोटी आणि २०२२ मध्ये १९,५०० कोटी रुपये ठेवले. जो कारखाना अधिक पायऱ्या एकत्र घेईल त्याला अधिक प्राधान्य, असे तिचे धोरण आहे. मला हा मार्ग जकातीहून बरा वाटतो. त्याचा भार एकट्या वीजग्राहकावर पडत नाही आणि वरच्या अवघड पायऱ्यांकडे तो बोट दाखवतो. आमच्या अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांना हे मान्य नाही. ते म्हणतात, पैसा शेवटी लोकांच्याच खिशातला. तेही खरेच. तुमच्या घरावर प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून पॅनेले बसली असतील, तर ती सरकारी अनुदानासाठी भारतीय घटांपासून भारतात जुळवलेलीच लागतात. म्हणजे इथे निदान चौथ्या पायरीची चौकशी होते. १ जून २०२६ पासून अनेक प्रकल्पांना सरकारमान्य यादीतील घट वापरण्याचे बंधन घालण्याचेही ठरवण्यात आले.

मार्च २०२५ अखेरचे सरकारी आकडे पाहा. पॅनेल जुळवण्याची वार्षिक क्षमता ७४,००० मेगावॉट; घटांची २५,००० मेगावॉट; लगड आणि चकत्यांची २००० मेगावॉट. पॉलिसिलिकॉनच्या रकान्यात लिहिण्याजोगे काही नव्हते. उलट आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार पॉलिसिलिकॉनपासून पॅनेलपर्यंतच्या सर्व पायऱ्यांवर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक होता, आणि चकत्यांच्या बाबतीत तो जवळजवळ सगळाच.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गात या विषयावर वादविवाद ठेवायचा तर ‘जकात हवी’ आणि ‘जकात नको’ असे दोन गट करू नका. पाच गट करा : पॉलिसिलिकॉनवाला, चकतीवाला, घटवाला, जुळणीवाला आणि वीज घेणारा शेतकरी. वरच्या वजाबाकीतले आकडे फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाला आपापला दर मागू द्या. माझ्या वर्गात हा प्रयोग झाला तेव्हा घटवाला आणि जुळणीवाला यांचेच भांडण सर्वांत मोठे झाले, आणि शेतकऱ्याला बोलायला तास पुरला नाही.

जाता जाता एक बातमी. भारतातून अमेरिकेला जाणारी पॅनेले अलीकडे पुष्कळ वाढली होती. जुलै २०२५ मध्ये काही अमेरिकी कारखानदारांनी भारत, इंडोनेशिया आणि लाओस यांच्या मालावर जकात बसवावी म्हणून तिथल्या सरकारकडे अर्ज केला. सरकारी मदतीच्या जोरावर पडत्या भावाने माल आमच्या देशात ओतला जातो, अशी त्यांची तक्रार होती.